सरांनी दिलेलं राज्य

लसावि सर कार्यशाळेहून परतले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तेज होतं आणि गळ्यात अजून ते प्लास्टिकचं ओळखपत्र लटकत होतं. काढायला विसरले होते असं नाही. काढवत नव्हतं.

'लसावि' हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. सर गणित शिकवायचे आणि उंचीनं बेताचे होते, मुलांना एवढं पुरलं. लघुतम साधारण विभाज्य. मुख्याध्यापिका मॅडम वर्गात येताना दाराच्या चौकटीखाली मान किंचित झुकवत, म्हणून त्या मसावि. ही नावं कुणी ठेवली ते कुणालाच माहीत नाही, पण मुलांच्या एका पिढीकडून दुसरीकडे ती बिनचूक पोचत होती. शाळेत शिकवलेलं बाकी काही इतकं बिनचूक पोचत असेल असं छातीठोक सांगवत नाही.

कार्यशाळेचा विषय होता 'खेळातून शिक्षण'. शिकवायला आलेला तरुण कानाला माइक लावून स्टेजभर फिरत होता. मुलं मोबाइलवरच्या खेळात का रमतात, असं त्यानं विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं: तिथे पायऱ्या असतात, जीव असतात, बक्षिसं असतात, तेच वर्गात आणा, मग मुलं तुमच्या मागे लागतील, गणितं द्या म्हणून. मागच्या रांगांतल्या शिक्षकांचं लक्ष जेवणाच्या हॉलकडे होतं. आमचे सर मात्र पहिल्या रांगेत बसून डोलत होते.

त्यांना तसं कारण होतं. ते कारण चौथीत होतं, त्यांच्याच वर्गात होतं, त्यांच्याच घरी राहत होतं आणि त्याला सगळे गोगल म्हणायचे.

गोगल म्हणजे गोगलगाय. सरांची भाची. सरांची ताई आणि ती, दोघी मायलेकी गेल्या वर्षापासून सरांकडेच राहायला आल्या होत्या. पोर मंद नव्हती हो, सावकाश होती. सोमवारी विचारलेल्या गणिताचं उत्तर तिला मंगळवारी जेवताना यायचं, आणि बरोबर यायचं. पण तोवर वर्ग पुढे गेलेला असायचा आणि तिच्या नावापुढे भोपळा मांडून झालेला असायचा. असे भोपळे इतके साठले की मसावि मॅडमनी सरांना खोलीत बोलावून घेतलं.

"सर, तुमची भाची आहे म्हणून आधीच सांगते. असंच चाललं तर तिला याच वर्गात पुन्हा बसवावं लागेल. महिनाअखेरच्या शुक्रवारी मी स्वतः वर्गात येऊन बघणार आहे. मग ठरवू."

सर घाम पुसत बाहेर आले. वर्गातली सगळी मुलं पुढे जाणार आणि गोगल एकटी मागे राहणार, हे चित्र काही केल्या त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यात ते ताईला सांगायचं कुणी? ताई वाहतूक पोलिसात होती. चौकात नुसता हात वर करून ती ट्रक थांबवायची. धाकट्या भावाला थांबवायला तिला हातही वर करावा लागत नसे.

म्हणून कार्यशाळेतून आल्या आल्या सर कामाला लागले. वर्गाची मागची भिंत कागदानं मढवून त्यावर मोठा डोंगर काढला. डोंगराला पायथ्यापासून शिखरापर्यंत पायऱ्या. प्रत्येक मुलाची एक पुठ्ठ्याची सोंगटी. प्रत्येकाच्या नावापुढे लाल कागदाचे तीन बदाम टाचणीनं टोचलेले, ते त्याचे जीव. उत्तर वेळेत आणि बरोबर आलं तर सोंगटी वर चढणार, नाहीतर एक जीव जाणार; दुसऱ्या दिवशी सकाळी जीव पुन्हा भरून मिळणार आणि सोंगट्या पुन्हा पायथ्याशी येणार. वेळ मोजायला सरांनी ताईच्या स्वयंपाकघरातला टायमर पळवला. तो पिळून ठेवला की टिकटिक करायचा आणि वेळ संपली की किंचाळायचा.

राहिलं बक्षीस. त्यासाठी सोनेरी कागदाचा मुकुट केला. ज्याची सोंगटी सगळ्यांच्या वर, त्याला मुकुट आणि तासाच्या शेवटी सरांची खुर्ची. पण या मानाला नाव काय द्यावं? 'विजेता' शिळं वाटत होतं. 'चॅम्पियन' तर बिस्किटाच्या पुड्यावरही असतो. विचार करता करता सरांना एकदम सुचलं आणि त्यांनी शिखरावर जाड अक्षरांत लिहून टाकलं: राज्य.

वाचणारे हसले असतील, तर ते लहानपणी पकडापकडी खेळलेले आहेत. सरही खेळले होते. कसे खेळले होते, ते कळेलच.

खेळ सुरू करायच्या आधी सरांनी घसा खाकरून एक सवलत जाहीर केली. गोगल कच्चा लिंबू. म्हणजे ती खेळात आहे, पण तिचं धरायचं नाही. चुकली तरी जीव जाणार नाही, टायमर तिला लागू नाही. मुलांनी जराही कुरकुर केली नाही. घरी धाकटं भावंड असलेल्या कुणालाही कच्चा लिंबू समजावून सांगावा लागत नाही. सरांना वाटलं, झालं, पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मामाचं काळीज, दुसरं काय!

पहिला दिवस दृष्ट लागण्यासारखा गेला. टायमर किंचाळायच्या आत हात वर होत होते, सोंगट्या भराभर चढत होत्या. शेवटी सगळ्यांच्या वर पोचला तो पाठांतर. या मुलाला तीसपर्यंतचे पाढे झोपेतही येत, त्यावरून नाव पडलेलं. सरांनी मुकुट हातात घेतला आणि आवाज चढवून म्हणाले,

"आजचं राज्य... पाठांतरवर!"

मागून कुणीतरी ओरडलं, "पाठांतरवर राज्य! पळा!" आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वर्ग रिकामा झाला. काहीजण बाकांखाली गेले, दोघं कपाटामागे, एकजण तर सरांच्याच मागे लपला. बाहुल्यासारखा उभा राहिलेला पाठांतर तेवढा फळ्यापाशी उरला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

"सर, मी टाइमप्लीज घेतली होती," तो म्हणाला. "शप्पथ. हळू म्हणालो होतो, म्हणून ऐकू नाही आलं."

सरांना वाटलं, आनंदाश्रू. त्यांनी मुकुट त्याच्या डोक्यावर बसवला आणि पाठ थोपटली.

मधल्या सुट्टीत मुलांनी यावर रीतसर विचारविनिमय केला आणि एक कायदा केला. मुलांचे कायदे संसदेपेक्षा लवकर होतात आणि जास्त पाळले जातात. कायदा असा: सरांनी दिलेलं राज्य साधं नसतं. एकाला पकडून ते उतरत नाही. सगळ्या वर्गाला पकडावं लागतं. पाठांतर बिचारा पूर्ण सुट्टी डबा न खाता मैदानावर धावला. घंटा झाली तेव्हा त्याच्या हाती दोघे लागले होते.

दुसऱ्या दिवशीपासून डोंगराला उतरती कळा लागली. आदल्या दिवशी फडाफडा बोलणारी मुलं आता डोकं खाजवत बसू लागली. सात आठे सत्तावन्न. नऊ साते चौसष्ट. पाठांतरनं तर बारा बारे एकशे पंचेचाळीस असं ठणकावून सांगितलं आणि जीव गेल्यावर सुटकेचा निःश्वास टाकला. तास संपायचा तेव्हा सगळ्या सोंगट्या पायथ्याशी गर्दी करून असायच्या, शिखर ओस, आणि राज्य कुणावरच नाही.

त्यातच एका मुलाची आई तरातरा मसावि मॅडमच्या खोलीत शिरली.

"माझा मुलगा म्हणतो, गणिताच्या सरांनी त्याचे दोन जीव घेतले. एकच उरलाय म्हणे. हा काय प्रकार आहे?"

मॅडमनी सरांना बोलावलं. सरांनी खिशातून लाल बदाम काढून दाखवला. आईनं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "एवढंच होय? मग ठेवा. पण घरी त्याला बरोबर येतं हो सगळं. शाळेत काय होतं कोण जाणे."

कोण जाणे, तेच सरांना कळत नव्हतं. रोज टायमर पिळत होते, रोज पालथ्या घड्यावर पाणी. आणि गोगल? तिची पाटी कोरी. खेळाच्या आधी ती निदान अर्धं गणित तरी मांडायची. आता ती पाटी मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसायची.

शाळेतून घरी जाताना सरांनी सहजपणाचा आव आणून विचारलं, "गोगल, तू पाटीवर काहीच का लिहीत नाहीस गं?"

गोगलनं बराच वेळ विचार केला. दोन गल्ल्या मागे पडल्या.

"माझं धरत नाहीत ना," ती म्हणाली.

"अगं, म्हणूनच तर बिनधास्त लिहायचं! चुकलं तरी चालतं तुला."

पुन्हा एक गल्ली. "बरोबर आलं तरी चालतं," गोगल म्हणाली. "मग कशाला लिहू?"

ती तक्रार करत नव्हती. दप्तर सावरत, पायानं एक बाटलीचं झाकण ढकलत ती चालली होती. गणिताच्या माणसाला उत्तर सुचलं नाही की तो हिशेब बदलतो, तसा सरांनी विषय बदलला.

गुरुवारी संध्याकाळी ताई तिचा गणवेश इस्त्री करत होती. सर समोर बसून उसासे टाकत होते. दुसऱ्या दिवशी मॅडम येणार होत्या. शेवटी न राहवून त्यांनी सगळं ताईला सांगून टाकलं. गोगलचे भोपळे, मॅडमची ताकीद, डोंगर, जीव, टायमर, गोगलला दिलेली सवलत. ताईचा चेहरा प्रत्येक शब्दागणिक कडक होत होता. पण सर 'राज्य' या शब्दापाशी आले आणि ताईच्या हातातली इस्त्री थांबली.

"बक्षीस काय ठेवलंस म्हणालास?"

"राज्य. पहिल्या आलेल्यावर राज्य."

ताईनं इस्त्री उभी करून ठेवली, खुर्चीत बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"अरे वेड्या! राज्य ही शिक्षा असते! ज्याच्यावर राज्य येतं तो बिचारा सगळ्यांच्या मागे पळतो. कुठलं पोर हौसेनं राज्य घेईल? मुद्दाम चुकताहेत ती!"

सरांचा चेहरा उतरला. "पण... आपल्या लहानपणी कुणावर राज्य आलं की केवढा आरडाओरडा व्हायचा. सगळे त्याच्याभोवती नाचायचे. त्याच्या नावानं ओरडायचे. मला वाटायचं, किती मान आहे! माझ्यावर एकदाही आलं नाही."

"येईल कसं? तू कच्चा लिंबू होतास."

"मी?" सर म्हणाले.

"आईची सक्त ताकीद होती," ताई म्हणाली. "याला खेळायला ने, पण याच्यावर राज्य येऊ देऊ नको, लहान आहे, रडेल. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तुला कुणी पकडायचंच नाही."

सर अगदी हळू आवाजात म्हणाले, "मला वाटायचं, मी फार चपळ आहे. कुणाच्या हातीच लागत नाही."

ताईचं हसू एकदम ओसरलं. आतल्या खोलीत गोगल दप्तर भरत होती. एकेक वही आत ठेवत होती, पुन्हा काढून नीट ठेवत होती. दोघांनीही तिकडे पाहिलं.

"आणि माझ्या पोरीला तू..." ताई बोलायला लागली.

"हो," सर म्हणाले. "केलं." त्यांना अतोनात वाईट वाटलं, आणि त्यात कितीतरी वर्षांपूर्वी अंगणभर उगाचच धावणाऱ्या एका मुलाबद्दलचं वाईट वाटणंही मिसळलेलं होतं.

सकाळी लवकर जाऊन शिखरावरचं 'राज्य' खोडून टाकायचं, असं सरांनी ठरवलं होतं. पण वर्गात पाऊल टाकतात तो मसावि मॅडम मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या, आणि मुलं हाताची घडी घालून चिडीचूप. खोडायला आता वाव नव्हता.

"चालू द्या तुमचं," मॅडम म्हणाल्या. "मी नुसती बघते."

सरांनी फळ्यावर लिहिलं, सतरा गुणिले आठ. टायमर पिळला. पाट्यांवर पेन्सिली करकरल्या. टायमर किंचाळला आणि सगळ्या पाट्या वर झाल्या. एकशे पस्तीस. एकशे सदतीस. एकशे पस्तीस. एकशे सदतीस.

मॅडम उठल्या. रांगेरांगेतून फिरल्या. एकही एकशे छत्तीस नाही.

"सर, सगळा वर्ग चुकला?" त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा पाट्यांकडे नजर टाकून सावकाश म्हणाल्या, "आणि सगळे फक्त एकानं चुकले? याला चूक नाही म्हणत. याला कट म्हणतात. इतकं नेमकं चुकायला बरोबर उत्तर यावं लागतं."

पाठांतरनं मान खाली घातली. बाकीच्यांनी छताकडे पाहिलं. तेवढ्यात मॅडम गोगलपाशी येऊन थांबल्या.

"आणि हिची पाटी कोरी का?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "ती कच्चा लिंबू आहे, मॅडम. तिचं धरत नाहीत!"

कुणाच्याही आवाजात वाईटपणा नव्हता, पण ते ऐकवत नव्हतं. गोगलनं पाटी मांडीवर ठेवली आणि ती खिडकीकडे बघू लागली. सरांच्या मनात आलं, आज तिला धरलं आणि ती चुकली, तर मॅडमच्या डोळ्यांदेखत चुकेल. वर्ष जाईल. ताईला तोंड कसं दाखवू? न धरलं तर मॅडमना विनवता येईल, मुदत मागता येईल. पोरगी सुखरूप राहील. अगदी माझ्यासारखी.

"आजपासून धरायचं," सर म्हणाले.

"काय, सर?"

"तिचं धरायचं. टायमर धरायचा, चूक धरायची, सगळं धरायचं."

"पण सर, तिला जीवच नाहीत," कुणीतरी म्हणालं. खरंच, भिंतीवर तिच्या नावापुढे नुसता कागद होता. सरांनी खिशातले तीन बदाम काढून तिच्या नावापुढे टोचले. टोचताना टाचणी बोटात गेली, पण त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही.

मॅडमनी खडू घेतला. चोवीस गुणिले पंधरा. टायमर टिकटिकू लागला. गोगलनं पाटी पुसली. आधीच कोरी होती, तरी नीट पुसली. आकडे मांडले. एक ओळ लिहिली. दुसरी लिहायला घेतली आणि टायमर किंचाळला.

सरांनी जड हातानं एक बदाम काढला. गोगल भिंतीकडे बघत राहिली.

"सर, माझा जीव गेला?" तिनं विचारलं.

"गेला गं."

आणि गोगल हसली. दात पडलेल्या जागेसकट, तोंड भरून हसली. जीव गेल्याचा एवढा आनंद जगात दुसऱ्या कुणाला झाला नसेल. तिनं शेजारणीला कोपरानं ढोसून भिंतीवरची ती रिकामी टाचणी दाखवली.

दुसरं गणित. यावेळी दोन्ही ओळी झाल्या, बेरीज राहिली. दुसरा बदाम गेला. वर्गातली कुजबुज थांबली होती. उत्तर सगळ्यांना येत होतं आणि ते ओठांवर दाबून धरताना काहींचे चेहरे लाल झाले होते.

"शेवटचा," मॅडम म्हणाल्या आणि लिहिलं, अठरा गुणिले पंचवीस.

टायमर टिकटिकू लागला. गोगल वाकली. जीभ दातांत धरली. पहिली ओळ. हातचा चार कोपऱ्यात लिहिला. दुसरी ओळ. सरांनी डोळे मिटून घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना गणित ही अमानुष गोष्ट वाटली. बेरीज. टिकटिक. पेन्सिल थांबली, पुन्हा चालली, आणि टायमर किंचाळला तेव्हा पाटी वर होती.

चारशे पन्नास.

पाठांतरनं पाटीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. सगळ्या सोंगट्या पायथ्याशी. एकटी गोगलची एक पायरी वर चढणार.

"गोगलवर राज्य!" तो ओरडला. "पळा!"

इतक्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि सगळा वर्ग दारातून, मॅडमच्या दोन्ही बाजूंनी मैदानावर सांडला. त्यांच्या मागोमाग गोगल.

सर आणि मॅडम व्हरांड्यात येऊन उभे राहिले. सर मुकुट उगाच हातात घेऊन आले होते.

"तीनातली दोन गेली," मॅडम म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"पण चुकायची तरी मुभा मिळाली आज तिला. तिला पुढच्या वर्गातच धरा. तिथे आणखी जीव जातील, जाऊ देत. आणि सर, ते राज्य आधी खोडा, म्हणजे बाकीच्यांनाही गणितं येतात का ते मला कळेल."

सरांनी मान डोलावली.

मैदानावर गोगल धावत होती. धावत म्हणजे तिच्या हिशेबानं. मुलं तिच्या हाताच्या टप्प्यापर्यंत येऊन निसटत होती, वेडावत होती, "ये ना, ये ना" म्हणत होती. कुणीही मुद्दाम हाती लागत नव्हतं. तिची वेणी सुटली, मोजा घोट्यावर आला. पाठांतरच्या मागे वळताना तिचा पाय सटकला आणि ती धाडकन गुडघ्यांवर पडली.

सर पायऱ्यांवरून दोनदोन करत खाली उतरले आणि तोंडाशी हात धरून जिवाच्या आकांतानं ओरडले, "टाइमप्लीज! तिची टाइमप्लीज!"

सगळी मुलं जागच्या जागी थबकली. गोगलनं धुळीतून मान वर केली. शाळेत 'सर' म्हणायचं, हा घरचा कडक नियम ती साफ विसरली.

"मामा, तू मध्ये येऊ नकोस!" तिचा आवाज मैदानाच्या पार पलीकडे गेला. "माझ्यावर राज्य आहे!"

मुलं खोखो हसली आणि लगेच जीव घेऊन पळत सुटली, कारण ती उठली होती.